हंसिनीला मुजरा

इंदूरच्या कृष्णपुऱ्यात, राजघराण्याच्या समाधी-छत्र्यांच्या मागच्या गल्लीत जयसिंगराव जाधवांच्या घरी जायचं, तर आधी लाँचमध्ये चढावं लागे. गल्लीच्या तोंडाशी शिडी लावलेली असे. शिडीवरून मागच्या डेकवर, डेकवरून वाकून केबिनमध्ये, केबिनमधल्या दोन गाद्यांच्या मधून पुढच्या दारात, आणि तिथून स्टुलावर पाय देऊन घराच्या ओट्यावर. दूधवाली याच वाटेनं येई, पोस्टमन याच वाटेनं येई, आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शहरातल्या निम्म्या बायका नवी लुगडी सावरत याच वाटेनं येऊन गेल्या होत्या. एक स्थूल मावशी केबिनच्या दारात अडकल्या, त्यांना थालीपीठ आणि वाण तिथंच नेऊन द्यावं लागलं. संध्याकाळी वारं सुटलं तेव्हा कुठं त्या सुटल्या. खोटं वाटत असेल त्यानं त्या दाराची चौकट बघावी, डाव्या बाजूला अजून वाकलेली आहे.

घराला दुसरं दार नव्हतं. मागं खान नदी, पुढं हंसिनी. मधे जयसिंगराव.

हंसिनी म्हणजे दरबारची जलविहाराची लाँच. सागवानी अंग, पितळी कठडे, केबिनला निळ्या काचा, पोटात विलायती इंजिन आणि माथ्यावर पितळी भोंगा. भोंग्याचा दांडा मागं ओढला की तो असा हंबरायचा, की सिरपूरच्या तळ्यावरची बदकं उडून बिलावलीच्या तळ्यावर जाऊन बसायची. जयसिंगराव त्या लाँचचे कारभारी. सरकारांची स्वारी लाँचमध्ये बसली की भोंगा व्हायचा, आणि भोंगा झाला की घाटावरच्या झाडून सगळ्या माणसांनी कमरेत वाकून त्रिवार मुजरा करायचा, असा शिरस्ता. बायकासुद्धा चिकाच्या पडद्याआड वाकायच्या. जयसिंगरावांची उमर त्यात गेली होती. भोंगा कानात शिरला की हुकूम डोक्यापर्यंत जातच नसे, परस्पर कमरेला पोचे.

आणि तिथंच घात झाला.

मध्य भारताचा मध्य प्रदेश झाला त्या साली दरबारच्या जुन्या सामानाचा लिलाव निघाला. बग्ग्या, झुंबरं, शिकारीचे तंबू आणि शेवटी हंसिनी. जयसिंगराव नुसते निरोप द्यायला म्हणून तळ्यावर गेले होते. काळी टोपी, पांढरा अंगरखा, खिशात रुमाल. लिलाव पुकारायला चिंतामण नावाचा गृहस्थ उभा होता. त्याचा आवाज मोठा आणि नजर त्याहून तेज. माशी उडवायला हात हलवला तरी बोली धरायचा. आटाचक्कीवाल्या गेंदालाल शेटनं बोली लावली. त्याला लाँच नकोच होती, तिचं इंजिन चक्कीला जोडायचं होतं.

"माल चालू हालतीतला आहे, मंडळी!" चिंतामण ओरडला, आणि ते दाखवायला त्याच्या माणसानं भोंग्याचा दांडा ओढला.

भोंगा झाला. बदकं उडाली. घाटावर सगळे ताठ उभे राहिले, कारण आता मुजरा घ्यायला कोणी उरलंच नव्हतं. वाकले ते एकटे जयसिंगराव. हात जमिनीला गेला, कपाळाला लागला. एकदा. दोनदा. तीनदा.

"जाधव सरदार! जाधव सरदार! जाधव सरदार! तीन वेळा!" चिंतामण किंचाळला. "आपल्याच बोलीवर आपण चढले! आहे कोणी याच्यावर?"

स्वतःच्याच बोलीवर दोनदा चढणाऱ्या माणसाच्या वाटेला कोण जातो? गेंदालालनं हात जोडले. गर्दीनं टाळ्या वाजवल्या. कोणीतरी म्हणालं, "वाह भिया! निमक खाया तो ऐसा निभाया!" कोणी हारही आणला.

तेव्हा जयसिंगरावांनी एक वाक्य बोलायला हवं होतं: ही बोली नव्हती, मुजरा होता. पण पुढचा प्रश्न लगेच आला असता: मुजरा कोणाला? आत तर कोणी नव्हतं. रिकाम्या नावेपुढं कमरेत वाकलेला माणूस म्हणून साऱ्या इंदुरात हसं करून घ्यायचं, की निष्ठेपायी लाँच घेतलेला सरदार म्हणून हार घालून घरी जायचं? त्यांनी मान खाली घातली. हार आपोआप गळ्यात पडला. निवृत्तीची सगळी पुंजी तळ्यात गेली.

भानुमतीबाईंनी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि एवढंच विचारलं, "काय आणलंत?"

"हंसिनी," जयसिंगराव म्हणाले.

"ठेवणार कुठं?"

हा प्रश्न मात्र त्यांना कोणी लिलावात विचारला नव्हता.

तळ्यावर ठेवता येईना. तळ्याचे नवे साहेब म्हणाले, "शहराचं पिण्याचं पाणी आहे, तेलगळती चालणार नाही." मग हंसिनीला चार चाकांच्या गाड्यावर चढवलं आणि दरबारच्या पीलखान्यात उरलेला शेवटचा हत्ती मागून कपाळ लावून ढकलायला लावला. सिरपूरपासून कृष्णपुऱ्यापर्यंत ती मिरवणूक चालली. रस्त्यात लोकांनी लाँचवर गुलाल टाकला, एका म्हातारीनं तिला गणपती समजून नारळ फोडला. विचार असा होता की गल्लीतून थेट घरामागं न्यायची आणि पावसाळ्यात नदीत सोडायची. पण गल्ली शेवटाकडं अरुंद होत जाते हे हत्तीला कोण सांगणार? एक करकर आवाज झाला आणि हंसिनी एका अंगानं जयसिंगरावांच्या ओट्याला, दुसऱ्या अंगानं शेजारच्या दत्तोपंत वकिलांच्या भिंतीला अशी बसली, जसं बाटलीत बूच बसतं.

"मागं ओढ रे, मालोजी!" जयसिंगराव माहुताला ओरडले.

"मागं?" मालोजीनं कानाला हात लावला. "सरकार, शाही हत्ती आहे. शाही हत्तीला मागं सरकायचं शिकवतच नाहीत."

त्याच आठवड्यात तो हत्ती कुठल्याशा सर्कशीत गेला. हंसिनी राहिली.

लाँच पाळणं म्हणजे काय, हे ज्यानं पाळली नाही त्याला कळायचं नाही. म्हैस बरी, ती दूध तरी देते. लाकडी नाव पाण्यात असली की फुगून घट्ट राहते. पाण्याबाहेर काढली की वाळते, फळ्या आकसतात, फटी पडतात. म्हणून सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा तिला बादल्यांनी न्हाऊ घालायचं, अंगावर ओली गोणपाटं टाकायची. एकदा जयसिंगराव देवासला एका लग्नाला गेले, मुक्काम वाढला. परत आले तर फटी एवढ्या रुंदावलेल्या, की त्यातून एक मांजर आत शिरून व्याली होती आणि पिल्लं फटीतून डोकं काढून दत्तोपंतांच्या माजघराकडं बघत होती. मग गिरणीतला टाकाऊ कापूस आणायचा, राळ उकळायची, फटी बुजवायच्या. त्यानंतर जयसिंगराव एक रात्रही कुठं राहिले नाहीत.

इंजिनाला गंज चढू नये म्हणून ते अमावस्येच्या अमावस्येला चालवायचं. एका अमावस्येला त्यांच्या हातून दांडा चुकीचा पडला आणि पंखा फिरला. दत्तोपंतांच्या गच्चीवर वाळत घातलेले सगळे पापड उडाले, ते राजवाड्यासमोर उतरले. तिथल्या चाटवाल्यानं ते भाजून विकले असं म्हणतात. दत्तोपंत खिडकीतून डोकं काढून म्हणाले, "जयसिंगराव, तुमची बोट चालते याबद्दल शंका नव्हती. पुरावा कशाला दिलात?"

रस्त्यावरून जाणारे टोमणे मारत. "क्यों सरदार, समंदर कब आ रिया है?" "भैंस न्हाऊन झाली का, काकाजी?" जयसिंगराव बादली ओतत राहत. लोक हसत, पण त्याच लोकांनी पाहुण्यांना गल्ली दाखवायला आणलं की अदबीनं सांगत, "ये वो ही सरदार है. अपनी ही बोली पे चढ गये थे."

ही अदबच मोठी वाईट. टोमण्याला उत्तर देता येतं, अदबीला काय देणार?

राजधानी भोपाळला गेली, कचेऱ्या भोपाळला गेल्या, मोठा तलाव तर आधीपासूनच भोपाळात होता. इंदुरात राहिली ती बोट. मुलगा प्रतापरावही सचिवालयाबरोबर भोपाळला गेला. तिथं त्याला मुलगी झाली, मंजिरी. ती रांगली, चालली, बोलायला लागली. आजोबांनी तिला एकदाच पाहिलं, तेही ती तान्ही असताना, स्टेशनवर, गाडी सुटेपर्यंत. आता प्रतापरावला मोठा बंगला मिळाला होता. त्यानं कळवलं: दोघांची खोली तयार आहे, बोट विका आणि या. मंजिरी विचारते, आजोबांची बोट येत नाही, पण आजोबा का येत नाहीत?

भानुमतीबाईंचे गुडघे शिडी चढून चढून वाजायला लागले होते. त्या म्हणाल्या, "आता पुरे. एक तर ती जाईल, नाहीतर मी या घरातून बाहेरच पडणार नाही. पडता येतच नाही म्हणा!"

जयसिंगरावांनी चिंतामणला बोलावलं.

घेणारा होता. गेंदालाल. इतकी वर्षं चक्कीला तसं इंजिन मिळालं नाही म्हणून तो हळहळत होता. तो येऊन केबिन ठोकून, इंजिन हुंगून गेला. "सरदारजी, आप चिंता मत करो. लाँच गलीतून निघत नाही ना? मत निकलने दो. आरीवाले घेऊन येतो, इथंच कापतो. लकडी चुल्ह्याला, इंजिन चक्कीला, आणि ये काच दुकानाला."

जयसिंगराव "बरं" म्हणाले. भाव चढायचा तर लिलावच हवा, असं चिंतामणचं म्हणणं पडलं. भानुमतीबाई दाराआडून ऐकत होत्या.

भोपाळच्या गाडीची तिकिटं काढून झाली. वळकट्या बांधून झाल्या. मंजिरीसाठी सराफ्यातून चांदीची छोटी वाटी आणली. फक्त एक दिवस धड पार पडायला हवा होता, आणि जयसिंगरावांना आपल्या कमरेचा भरवसा नव्हता. म्हणून त्यांनी दोन बंदोबस्त केले. एक, भोंग्याच्या तोंडात चिंध्यांचा बोळा कोंबला. दोन, लिलावाच्या सकाळी उजवा हात झोळीत घालून गळ्यात बांधला आणि वर एक पट्टा आवळला.

"हाताला काय झालं?" भानुमतीबाईंनी विचारलं.

"लचकला."

"कशानं?"

"बादलीनं." ते तरी खरंच वाटण्यासारखं होतं.

लिलाव गल्लीतच. चिंतामण डेकवर चढला. गल्लीच्या तोंडाशी गर्दी, दत्तोपंत आपल्या खिडकीत, भानुमतीबाई वरच्या सज्जात डोक्यावर पदर घेऊन. जयसिंगराव ओट्यावर उभे, डावा हात भिंतीला टेकवून.

सगळं कसं सुरळीत चाललं. गेंदालालनं बोली लावली. एका भंगारवाल्यानं थोडी चढवली, गेंदालालनं त्याच्याकडं असं पाहिलं की तो गप्प बसला. चिंतामणनं हात वर केला. "गेंदालाल शेट, एक!"

जयसिंगरावांना भोपाळचं स्टेशन दिसायला लागलं.

"रुको, रुको," गेंदालाल डेकवर चढत म्हणाला. "ये भोंपू भी साथ में है ना? दुकान पे लगाऊँगा. आटा पिस गया, भोंपू बजा दिया!" आणि त्यानं दांडा ओढला.

जयसिंगराव निर्धास्त होते. आत बोळा होता.

भोंगा हंबरला. असा हंबरला, की छत्र्यांवरची सगळी कबुतरं एकदम उडाली आणि गल्लीवर क्षणभर सावली पडली. बोळा गेला कुठं, हे त्यांना पुढच्याच क्षणी कळलं. आदल्या दिवशी भानुमतीबाई चिंच लावून पितळ घासत बसल्या होत्या. वस्तू विकायची तर चकचकीत नको? आतल्या चिंध्या त्यांनी काढून, धुऊन, वाळत घातल्या होत्या. त्या समोरच दोरीवर होत्या.

जयसिंगरावांची कंबर वाकायला निघाली. त्यांनी दात आवळले. झोळीतला हात पट्ट्याखाली मासळीसारखा तडफडला, गाठ कचकचली, पण सुटली नाही. घाम फुटला. डाव्या हातानं त्यांनी भिंतीचा गिलावा ओरबाडून काढला. आणि भोंगा थांबला. ते ताठ होते. जिंकले होते! त्यांनी डोळे उघडून चिंतामणकडं पाहिलं, त्यानं आता "दोन" म्हणावं म्हणून.

चिंतामण त्यांच्याकडं बघतच नव्हता. तो त्यांच्या डोक्यावरून वर, सज्जाकडं बघत होता. हळूहळू सगळी गर्दी तिकडं बघायला लागली.

भानुमतीबाई वाकल्या होत्या. पदर डोक्यावरून घसरू न देता, गुडघे वाजत असताना, चिकाच्या पडद्याआड वाकायच्या तशाच. हात खाली गेला, कपाळाला लागला. मग दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा वाकल्या आणि तशाच जरा राहिल्या, सासरी निघालेल्या लेकीकडं बघत राहावं तशा.

"जाधव बाईसाहेब!" चिंतामणचा आवाज चिरकला. "तीन वेळा! आपल्याच मालावर, आपल्याच बोलीवर!"

गर्दी फुटली. "अरे भिया, जोड़ी देखो!" "सरदार ने तीन, सरदारनी ने तीन!" गेंदालाल कपाळावर हात मारून खाली बसला. "ये घर में मेरे को इंजिन मिलनाच नहीं है."

मग दत्तोपंतांनी खिडकीतून हात वर केला. वकील खरे, पण माणूस वाईट नव्हता. त्यांनाही भिंत मोकळी हवी होती. "थांबा, चिंतामणराव. विकणाऱ्याच्या घरच्या माणसानं बोली लावली तर माल परत घेतला असं धरतात. जयसिंगराव, ही बोली होती का? सांगा. बाई नुसत्या वाकल्या असतील तर ती बोली नाही, आणि माल गेंदालालचा."

गल्लीभर माना जयसिंगरावांकडं वळल्या. मागं नदीचा काय तो आवाज.

इतकी वर्षं ज्या दाराच्या शोधात ते होते, ते दत्तोपंतांनी असं सताड उघडून दिलं होतं. एक वाक्य. बोली नव्हती, मुजरा होता. तेवढं म्हटलं की उद्या आरीवाले, परवा भोपाळची गाडी, आणि स्टेशनवर मंजिरी.

त्यांनी वर पाहिलं. भानुमतीबाई सज्जाच्या कठड्याला धरून उभ्या होत्या. गोऱ्यामोऱ्या झाल्या होत्या. आपण काय केलं हे त्यांना आत्ता कळत होतं, आणि तोंडावर पदर ओढायचंही सुचत नव्हतं. गर्दीत एक जण हसायच्या तयारीत तोंड अर्धं उघडून उभा होता. तो प्रश्न त्याच्या दातांवर आलाच होता: मुजरा? कोणाला?

जयसिंगरावांनी घसा साफ केला.

"वकीलसाहेब," ते म्हणाले, "जाधवांच्या घरात बाईसाहेबांच्या शब्दावर सरदार बोलत नाहीत. बोली होती. माल परत घरात."

टाळ्या अशा वाजल्या की कबुतरं पुन्हा उडाली. ह्या खेपेला हार दोन आले. एक लोकांनी जयसिंगरावांना घातला, दुसरा वर पोचवायला माणूस केबिनमधून गेला. केबिनच्या दारात जरा अडकला, पण पोचला. चिंतामण म्हणाला, अशी बोली त्यानं आयुष्यात पुकारली नव्हती, आणि हे तो सगळीकडं सांगणार. त्यानं ते खरंच सगळीकडं सांगितलं. त्यामुळं आता कोणताही शहाणा माणूस हंसिनी विकत घ्यायचं नाव काढणार नव्हता. जी वस्तू नवरा-बायको दोघंही जिवापाड विकत घेतात, तिच्यावर बोली लावून कोण पाप घेईल?

गर्दी पांगली. गेंदालाल जाताना भोंग्याकडं एकदा वळून बघत गेला. दत्तोपंतांनी खिडकी लावून घेतली, आतून त्यांचं "हरे राम" ऐकू आलं.

भानुमतीबाई खाली आल्या आणि केबिनमध्ये गादीवर बसल्या. समोरच्या गादीवर जयसिंगराव. निळ्या काचेतून दोघांच्या अंगावर निळा उजेड पडला होता, तळ्यातल्यासारखा. तिकिटं अंगरख्याच्या खिशात होती. मधे जमिनीवर मंजिरीची वाटी ठेवलेली वळकटी होती.

"तुम्हाला सांगता आलं असतं," शेवटी भानुमतीबाई म्हणाल्या. "त्यांनी विचारलं होतं."

"काय सांगता आलं असतं?"

"की ती बोली नव्हती."

जयसिंगरावांनी निळ्या काचेकडं पाहिलं. "तुम्हाला कसं माहीत, मला काय सांगता आलं असतं ते?"

"अहो," भानुमतीबाई म्हणाल्या, आणि त्यांना हसू आलं की रडू, ते त्या उजेडात कळलं नाही. "तळ्यावरून हार घालून आलात त्या दिवशी तुमच्या कपाळाला घाटावरची माती लागली होती. तीन बोटांची. बोली लावणाऱ्याच्या कपाळाला माती कशाला लागेल?"

"तेव्हाच बोलला असतात तर!"

"मग तुम्ही कुठं तोंड दाखवलं असतंत?"

बाहेर ऊन कलायला लागलं होतं. डेकवरची गोणपाटं सकाळपासून तशीच, कोरडी. लिलावाच्या गडबडीत त्यांना कोणी पाणी घातलं नव्हतं. कुठंतरी पुढच्या बाजूला एक फळी बारीक कुरकुरली, भुकेलं पोर कुरकुरावं तशी.

दोघांनीही ऐकलं. भानुमतीबाई उठल्या, गुडघे वाजले. त्यांनी जयसिंगरावांच्या पाठीमागं जाऊन पट्ट्याची गाठ सोडली, मग झोळी काढली. उजवा हात बाहेर आला. सकाळपासून आवळून लाल झालेला, बोटं बधिर.

"हलतोय का?"

त्यांनी हात वर करून पाहिला. कपाळापर्यंत गेला. घाईघाईनं खाली घेतला.

"हलतोय ना? मग उचला," भानुमतीबाई म्हणाल्या, आणि बादली त्यांच्या हातात दिली.